सुबोध वाळवंट प्रवेशिका

राजगड-तोरणा एका दमात केलेल्या, कळसूबाईवर पहाटेचे फोटो काढून झालेल्या आणि आता अमेरिकेतलं एखादं वाळवंट पाठीवर सॅक टाकून ओलांडूच, असं ठरवून बसलेल्या मंडळींसाठी ही प्रवेशिका आहे. सॅन होजे-फ्रीमाँटकडचे जे मराठी लोक शनिवारी टेकड्या चढतात आणि रविवारी त्याबद्दल बोलतात, त्यांनाही ती चालेल. ज्यांनी आयुष्यात काहीच चढलेलं नाही त्यांनी तर जरूर वाचावी. त्यांना विसरायचं काही नसल्यामुळे त्यांची प्रगती लवकर होते.

अभ्यासाला घेतली आहे पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल. तिच्यावर चालणारे तिला पीसीटी म्हणतात. तुम्हीही तेच म्हणा, पूर्ण नाव घेणारा लगेच नवखा म्हणून ओळखू येतो. मेक्सिकोच्या सीमेला टेकलेल्या कॅम्पो गावाजवळून ही वाट निघते आणि कॅलिफोर्निया, ऑरेगन, वॉशिंग्टन अशी तीन राज्यं उभी ओलांडून कॅनडाला पोहोचते. लांबी सुमारे ४,२६५ किलोमीटर. १९६८ साली कायद्याने तिला राष्ट्रीय वाटेचा दर्जा मिळाला आणि ती पुरी झाली असं जाहीर व्हायला १९९३ साल उजाडलं. सरकारी कामं सगळीकडे सारख्याच चालीने चालतात, हे पाहून परक्या मुलखात थोडं घरच्यासारखं वाटतं. आपल्याला त्यातला पहिला तुकडा पुरे आहे: कॅम्पो ते केनेडी मेडोज, सुमारे १,१३० किलोमीटर. याला सगळे ‘डेझर्ट’ म्हणतात.

वाळवंट कसं ओळखावं

आपल्या मनातलं वाळवंट बहुधा सिनेमातून आलेलं असतं. वाळूच्या टेकड्या, उंटांची रांग, वाऱ्यावर ओढणी. यातलं इथे काहीही सापडणार नाही. इथे डोंगर आहेत. सॅन हासिंतो पर्वत ३,३०२ मीटर उंच आहे, वाट त्याच्या खांद्यावरून जाते आणि एप्रिलमध्ये तिथे गोठलेला बर्फ असू शकतो. पुढे वाटेला लागूनच असलेलं बेडन-पॉवेल शिखर २,८६५ मीटरचं. आपली कळसूबाई १,६४६. म्हणजे ‘वाळवंटात’ चालताना तुम्ही महाराष्ट्राच्या माथ्याहून हजार-बाराशे मीटर वर, पाइनच्या झाडीत, थंडीने दात वाजवत असू शकता, आणि बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना खिळ्यांच्या साखळ्या बांधलेल्या असतात. हे घरी फोनवर सांगू नये. वाळवंटात थंडी वाजली असं सांगितलं की आई आधी ताप बघायला लावते.

मग फुलर रिजवरून उतार लागतो. सुमारे दोन हजार मीटर खाली, वळणावर वळणं घेत, झाडीतून झुडपात आणि झुडपातून नुसत्या दगडात. या सगळ्या उतारावर पाणी नाही. तळाशी मात्र एक नळ आहे, साधा, रस्त्याकडेला उभा असलेला. शहाणीसुरती, पदव्या घेतलेली माणसं त्या नळाशेजारच्या खडकाच्या सावलीत दुपारभर पडून राहतात आणि मधून मधून उठून तो अजून आहे ना ते बघतात.

तेव्हा व्याख्या लिहून घ्या. दोन पाण्यांमधलं अंतर तुमच्या तहानेपेक्षा जास्त असेल तिथे वाळवंट समजावं. वाळू असो वा नसो.

कागदपत्रं

रानावनात मोकळं फिरायचं तर आधी कागदपत्रं लागतात. सलग ८०० किलोमीटरपेक्षा जास्त चालणाऱ्यांना एकच मोठा परवाना मिळतो. तो फुकट असतो, म्हणूनच मिळत नाही. १ मार्च ते ३१ मे या काळात मेक्सिको सीमेवरून रोज फक्त ५० जणांना सोडतात. नेमलेल्या दिवशी संगणकासमोर बसायचं, आपला नंबर लागेपर्यंत थांबायचं आणि नंबर लागला की उरलेल्या तारखांतून एक निवडायची. ज्यांनी गणपतीच्या आधी कोकण रेल्वेचं तत्काळ तिकीट काढलं आहे त्यांना याचं वेगळं प्रशिक्षण नको.

दुसरा परवाना चहाचा. कॅलिफोर्नियात उघड्यावर स्टोव्ह पेटवायचा तर आगीसंबंधीचा एक छोटा व्हिडिओ पाहून, प्रश्नांची उत्तरं देऊन परवाना घ्यावा लागतो. थट्टा वाटली तरी घ्या. या वाटेचे मोठमोठे पट्टे वणव्यांत जळून गेले आहेत. काळ्या पडलेल्या बुंध्यांमधून तुम्ही तासन् तास चालाल, आणि मग थट्टा वाटणार नाही.

भारतातून जाणाऱ्यांना व्हिसाही लागतो. पर्यटक म्हणून बहुधा सहा महिने राहू देतात आणि अख्खी वाट चालायला पाच-एक महिने लागतात, तेव्हा हिशेब जुळतो. अडचण मुलाखतीत येते. “पाच महिने काय करणार?” “चालणार.” “कुठे?” “वाळवंटात.” हे सगळं खरं आहे, पण खिडकीपलीकडच्या माणसाला ते खरं वाटेल असा चेहरा घरी आरशासमोर करून पाहा.

सॅक

या वाटेवर माणसाची किंमत सॅकच्या वजनावरून ठरते, आणि ती उलटी ठरते. जितकी हलकी सॅक तितका माणूस वजनदार. अन्न, पाणी आणि इंधन वगळून साडेचार किलोच्या आत सगळं बसवलं की तुम्ही ‘अल्ट्रालाइट’ पंथात गेलात. या पंथाचे लोक टूथब्रशची दांडी कापतात, टी-शर्टच्या आतली चिठ्ठी उसवतात, नकाशाचा समास कात्रीने उडवतात. बारा ग्रॅम वाचले की चारचौघांत जाहीर करतात. आणि मग पहिल्या कोरड्या टप्प्याआधी त्याच सॅकमध्ये सहा लिटर पाणी भरतात, म्हणजे सहा किलो. पाण्याला अल्ट्रालाइट मॉडेल अजून निघालेलं नाही.

मराठी नवशिक्याच्या सॅकमध्ये हमखास निघणारं जादा सामान असं: आईने कोंबलेला स्वेटर, दोन टॉर्च (एक बंद पडला तर), सुतळीचं बंडल, हळद, आणि ट्रेकिंग ग्रुपमधल्या कुणी तरी दिलेला चाकू, ज्याने आजवर फक्त काकडी कापली आहे. हे सगळं न्यायला हरकत नाही. पहिल्या मोठ्या मुक्कामाला एक खोकं ठेवलेलं असतं, त्याला हायकर बॉक्स म्हणतात. ज्याला जे नको ते त्यात टाकावं आणि ज्याला जे हवं ते उचलावं. तुमचा स्वेटर तिथून एखादी जर्मन मुलगी घेईल आणि सॅन हासिंतोच्या बर्फात तुम्हाला तो तिच्या अंगावर दिसेल.

पाणी

आता मुख्य विषय. मन मोकळं करायला, आकड्यांच्या कटकटीतून सुटायला म्हणून लोक निसर्गात जातात. या वाटेवर सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत एकच गणित चालू असतं आणि त्याची सगळी उदाहरणं शाब्दिक असतात. पुढचं पाणी २२ किलोमीटरवर आहे. चढ सातशे मीटरचा. ऊन वर आलं आहे. हाताशी तीन लिटर. संध्याकाळी भात शिजवायचा असेल तर अर्धा लिटर वेगळा. उद्या सकाळी पाण्यापर्यंत पोहोचायला किती? या गणितात नापास होणाऱ्याला पुन्हा परीक्षेला बसता येईलच असं नाही, म्हणून उत्तर काढताना थोडं वर धरावं. पण फार वरही धरू नये. जास्त पाणी घेतलं की सॅक जड होते, सॅक जड झाली की चाल मंदावते, घाम जास्त येतो, उन्हात जास्त वेळ जातो आणि जास्त पाणी लागतं. हा फास लक्षात आला की नवशिक्याचे डोळे थोडे फिरतात. ते उन्हाने फिरले असं समजू नये.

गणिताला लागणारी माहिती फोनवरच्या ॲपमध्ये असते, चालणाऱ्यांनीच एकमेकांसाठी लिहिलेली. कुठला झरा वाहतो आहे, कुठली टाकी अर्धी आहे, कुठल्या हौदात उंदीर मरून पडला आहे. हे वाचण्याची कला आहे. आधी तारीख बघावी. वाळवंटात आठ दिवसांपूर्वीचा ओढा म्हणजे इतिहास. मग लिहिणारा कोण ते बघावं. एकच पाणी एकाला ‘सुंदर’ वाटतं आणि दुसऱ्याला ‘शेवाळ, वास, पण दुसरा इलाज नाही’ असं वाटतं. नवशिक्याने नेहमी दुसऱ्यावर विश्वास ठेवावा. आणि उंदराची नोंद असेल तर तो त्यानंतर कुणी बाहेर काढला का, हे शोधत खालपर्यंत वाचत जावं.

पाणी सापडलं की तिथेच बसून पोटभर प्यावं. पोटात गेलेलं पाणी खांद्यावर वाहावं लागत नाही. पण नुसतं पाणीच ढोसत राहिलात तर अंगातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो, आणि बघणाऱ्याला वाटतं याला पाणी कमी पडलं. तो आणखी पाणी देतो. तेव्हा मीठ-साखरेची पुडी जवळ ठेवा. सर्दी-पडशापासून परीक्षेच्या तापापर्यंत लिंबूसरबत देणाऱ्या संस्कृतीत तुम्ही वाढला आहात, एवढा तरी फायदा घ्या.

पाणी गाळायला फिल्टर लागतो. त्यात पोकळ धाग्यांची बारीक जाळी असते आणि ती एकदा गोठली की फाटते. बाहेरून काही दिसत नाही, पाणी मात्र न गाळताच पार होतं. म्हणून थंडीच्या रात्री फिल्टर आपल्या स्लीपिंग बॅगमध्ये, पोटाशी घेऊन झोपायचं असतं. वाळवंटात निजताना उबेला कोण असेल याबद्दल तुमच्या काही कल्पना असतील तर त्या आवरा.

फिल्टरने सगळं जात नाही. वॉकर पासच्या पुढे जोशुआ ट्री स्प्रिंग नावाचा एक झरा आहे. त्याच्या पाण्यात युरेनियमचं प्रमाण पिण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याची सूचना दिलेली आहे. लोक ती वाचतात, पुढच्या पाण्याचं अंतर बघतात, पुन्हा सूचना वाचतात आणि बाटली भरतात. युरेनियमची भीती दूरच्या भविष्यातली असते आणि तहान आत्ताची.

राहिला प्रश्न साठ्यांचा. काही अति कोरड्या जागी स्थानिक लोक स्वतःच्या गाडीतून पाण्याचे कॅन आणून ठेवतात. सिझर्स क्रॉसिंगच्या पुढे थर्ड गेटजवळ, किंवा वर केल्सो व्हॅली रोड आणि बर्ड स्प्रिंग पास इथे. पैसे नाहीत, पावती नाही, कुणी उभंही नसतं. नवशिक्याच्या वहीत हे पाणी लगेच ‘जमा’ बाजूला जातं. ते तिथे लिहू नका. वाट सांभाळणारी संस्थाही हेच सांगते की यांच्या भरवशावर निघू नका, आणि या बाबतीत प्रवेशिकेचं तिच्याशी एकमत आहे. कॅन मिळाला तर एक लिटर घ्या, पुढच्याला ठेवा. त्या पाण्यात मोजे धुणारे लोक असतात. त्यांच्यासाठी वेगळी प्रवेशिका लिहावी लागेल आणि तिची भाषा छापण्यासारखी नसेल.

सावली

नाही.

सावली (पुरवणी)

जोशुआ नावाचं एक झाड मोहावी वाळवंटात उगवतं. त्याला फांद्या असतात आणि फांद्यांच्या टोकाला सुऱ्यांचे झुबके. त्याच्या सावलीत एक मनुष्य बसू शकतो, पण दर वीस मिनिटांनी सरकावं लागतं. अनुभवी लोक पहाटे चारला निघतात, दहा-साडेदहाला अशा एखाद्या झाडाखाली आडवे होतात, आणि उन्हं कलल्यावर पुन्हा चालू लागतात. यात एक धोका आहे. तुमच्याजवळच्या उपग्रह यंत्रामुळे तुमचा ठिपका नाशिकमध्ये आईच्या फोनवर दिसत असतो. तो ठिपका मोहावीत पाच तास एकाच जागी थांबला की नाशिकमध्ये काय होतं, याची कल्पना करा आणि निघण्याआधीच तिला वामकुक्षीबद्दल सांगून ठेवा.

दुसरा उपाय छत्रीचा. वरून चंदेरी मुलामा असलेल्या, काठीला न अडकवता सॅकच्या पट्ट्यात खोचता येणाऱ्या छत्र्या इथे मिळतात. निरभ्र आकाशाखाली, जिथे महिनोन् महिने पाऊस पडत नाही अशा मुलखात उघडी छत्री घेऊन चालणारा इंजिनिअर पाहून हसू येतं, पण छत्रीखाली खरोखरच बरं वाटतं. मात्र टेहाचापीच्या जवळ वारा सुरू झाला की ती उलटी होते. त्या भागात १९८० च्या दशकापासून पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे. छत्री उघडण्यापूर्वी मनाशी विचारा, वीज कंपन्यांनी एवढा पैसा इथेच का घातला असेल?

जेवण

वाटेवरचे अमेरिकन लोक एक प्रकार करतात, त्याला कोल्ड सोकिंग म्हणतात. स्टोव्हचं वजन वाचवण्यासाठी प्लॅस्टिकच्या बरणीत नूडल्स किंवा कुसकुस घालायचं, गार पाणी ओतायचं, बरणी सॅकमध्ये टाकून चालायला लागायचं आणि तासा-दोन तासांनी जो लगदा होईल तो खायचा. हा शोध लावल्याचा त्यांना अभिमान आहे. तुम्ही शांतपणे पातळ पोहे काढा, दोन घोट पाणी शिंपडा, शेंगदाण्याची चटणी, मीठ, साखर, चिमूटभर मेतकूट टाकून दडपून ठेवा. चौथ्या मिनिटाला जेवायला लागा. बघणाऱ्यांच्या नजरेत जे दिसतं त्यासाठी तरी पोहे न्यावेत.

पोळीच्या जागी टॉर्टिया. तिला पोळीची चव नाही, पण आठवडाभर सॅकच्या तळाशी राहूनही ती तशीच असते. यात कौतुक किती आणि काळजी किती, ते ज्याचं त्याने ठरवावं. भाजणीचं पाकीट गावच्या पोस्टात आपल्याच नावाने पुढे पाठवून ठेवता येतं. पोस्टमास्तर राखून ठेवतात. कहोन पासला तर वाटेपासून अर्ध्या-एक किलोमीटरवर मॅकडोनाल्ड्स आहे. त्याआधीचे दोन दिवस रानात भेटणारा प्रत्येक माणूस फक्त त्याबद्दल बोलतो. निसर्गाच्या ओढीने घर सोडलेले हे लोक तिथे पोचल्यावर तीन तास हलत नाहीत.

प्रातर्विधी

नियम: पाणी, वाट आणि तंबू यांपासून साठ मीटर दूर जावं, पंधरा-वीस सेंटिमीटर खोल खड्डा करावा, काम झाल्यावर माती लोटावी. कागद वापरला तर तो पुरू नये, पिशवीत घालून पुढच्या गावापर्यंत बरोबर न्यावा. कोरड्या मातीत तो कुजत नाही आणि कोल्हे-कुत्री उकरून काढतात.

ही कागदाची पिशवी वाहण्याचा कंटाळा येऊन अलीकडे पाश्चात्त्य ट्रेकर मंडळी पाण्याकडे वळली आहेत. बाटलीला बसवायचं खास बारीक भोकाचं बूच मिळतं, त्याच्या वजनाची तुलना होते, वापरण्याच्या पद्धतीवर गंभीर चर्चा होते. त्या चर्चेत तुमचं मत कुणी विचारलं तर नम्रपणे द्या. हजारो वर्षांचा अनुभव आहे, असं म्हणून छाती फुगवू नका. मात्र घरचा हात सैल असतो. तुम्ही अर्धा लिटर सहज सांडाल, आणि अर्धा लिटर म्हणजे मघाचं गणित पाहता तीन-चार किलोमीटर.

शेजारी

साप आहेत. खुळखुळ्या साप बहुतेकदा आवाज करून स्वतःची ओळख देतो. ऐकू आल्यावर थांबा, आवाज कुठून येतो ते बघा, मागे व्हा. कानात गाणी लावून चालणाऱ्यांना त्याचा हा शिष्टाचार कळत नाही. मोहावी ग्रीन या जातीचं विष मज्जासंस्थेवर परिणाम करू शकतं, म्हणून अंतर जास्त ठेवा. फोटोसाठी जवळ जाणारे लोक नेहमीच असतात. त्यांच्यामागे उभे राहू नका, त्यांना कधीही उलटं धावावं लागतं.

सापापेक्षा फुलांना भ्या. वणव्याने जळलेल्या जमिनीवर पूडल-डॉग बुश नावाचं झुडूप माजतं. जांभळी फुलं, लुसलुशीत पानं, आणि दमलेल्या माणसाला वाटेच्या अगदी कडेला बसायला बोलावणारा आडोसा. स्पर्श झाला तर अंगावर फोड उठतात, तेही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी, म्हणजे दोष कुणाला द्यावा हे कळू नये इतक्या उशिरा. गांजासारखा वास आला आणि आसपास गांजा ओढणारं कुणी दिसलं नाही, तर झुडपापासून दूर व्हा.

आणि माणसं. घरी आंघोळीला बोलावणारे, गाडीतून गावात सोडणारे, रस्त्याकडेला संत्री घेऊन बसणारे अनोळखी लोक या वाटेवर भेटतात. त्यांना ट्रेल एंजल म्हणतात. आपल्याकडे अशा माणसाला ‘राहू द्या हो, कशाला उगीच’ असं तीनदा म्हणून चौथ्यांदा हो म्हणायची रीत आहे. इथे पहिल्यांदा नाही म्हटलंत की ते खरंच समजतात आणि गाडी निघून जाते. आयडिलवाइल्ड गावात तर गोल्डन रिट्रीव्हर जातीचा कुत्रा मानद महापौर आहे. त्याच्याशी बोलताना ‘राहू द्या हो’ म्हणायची वेळ येत नाही.

वाटेवर तुमचं एक टोपणनाव पडेल. ते स्वतः ठेवायचं नसतं, इतरांनी ठेवायचं असतं. आवडलं नाही तरी चेहऱ्यावर दाखवू नका, नाही तर पुढचं याहून वाईट असतं.

नळावरून चालणे

वाळवंटाचा सगळ्यात विचित्र भाग अँटलोप व्हॅलीत येतो. डोंगरमाथ्यांवरून चाललेली वाट हायकरटाउन नावाच्या जागेपासून एकदम सपाट, रखरखीत मोहावीत उतरते. का, तर समोरच्या डोंगरावर तेहोन रँच नावाची सुमारे २ लाख ७० हजार एकरांची खासगी जमीन आहे आणि तिथून वाट जाऊ दिली नव्हती. २००८ साली वाट वर नेण्याचा करार झाला; वाट अजून खालीच आहे. तेव्हा दुपारी बारा वाजता डांबरासारख्या तापलेल्या मातीवर चालताना निसर्गाला दोष देऊ नका. हे वाळवंट तुमच्या वाट्याला सातबाऱ्यामुळे आलं आहे.

तर या सपाटीवर तुम्ही चालता ते लॉस एंजेलिसच्या पाण्यावरून. विल्यम मुलहोलंड या अभियंत्याने १९१३ साली पुरा केलेला हा जलमार्ग सिएराच्या पूर्वेकडच्या ओवेन्स खोऱ्यातलं पाणी सुमारे ३७५ किलोमीटरवरच्या शहरात आणतो, एकही पंप न लावता, फक्त उताराच्या जोरावर. शहर वाढलं, ओवेन्स सरोवर आटून धुळीचं मैदान झालं. चिडलेल्या शेतकऱ्यांनी १९२४ साली या नळाला सुरुंग लावला. नळ दुरुस्त झाला. पायूट लोक तिथे शेतकऱ्यांच्याही आधीपासून पाट काढून जमीन भिजवत होते, त्यांनी काय लावायला हवं होतं हे कुणी विचारलंच नाही.

आज वाट कधी या लोखंडी नळाच्या अंगावरून जाते, कधी सिमेंटच्या झाकणांवरून. पायाखाली एका महानगराची तहान भागवणारं पाणी आणि तुमच्या बाटलीत तळाशी दोन घोट, तेही कोमट. झाकणांवर बूट आपटून पाहायचा मोह सगळ्यांना होतो. उपयोग नसतो. कॉटनवुड क्रीकच्या पुलाजवळ या जलमार्गाचा एक नळ आहे. तो चालू असला तर भरा, बंद असला तर मघाच्या गणिताकडे परत या. हा पट्टा शक्यतो रात्री चालावा. वाट चुकायची भीती नाही, कारण नळ चुकत नाही.

टेहाचापी ते वॉकर पास

इथवर आलात म्हणजे तुम्हाला सगळं येतं असं वाटायला लागतं, म्हणून हा भाग शेवटी ठेवला आहे. टेहाचापीजवळचा महामार्ग ओलांडल्यापासून वॉकर पासपर्यंत सुमारे १३७ किलोमीटर. मध्ये गाव नाही, दुकान नाही, फोनला रेंज असेल तर योगायोग. वॉकर पास साधारण १,६०० मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ कळसूबाईएवढ्या उंचीवरची खिंड. जोसेफ वॉकर हा वाटाड्या १८३४ साली तिथून गेला, त्यावरून नाव. त्याच्याकडे घोडे होते.

खरी परीक्षा लँडर्स मेडोच्या पुढे. कोरडं साल असेल आणि साठे रिकामे असतील, तर तिथल्या पाण्यापासून वॉकर पासपर्यंत वाटेवर खात्रीचं पाणी नाही. अंतर ६० ते ७० किलोमीटर. मध्ये विलो स्प्रिंग आहे, पण वाट सोडून दोन-अडीच किलोमीटर आत, आणि तेवढंच परत. म्हणजे पाणी आणायला जाताना जे पाणी खर्च होईल तेही हिशेबात धरायचं. मॅकायव्हर्स स्प्रिंग आहे, पण ‘आहे’ हे क्रियापद तिथे ऋतूप्रमाणे बदलतं. आता मांडा. दर सहा-सात किलोमीटरला एक लिटर धरलं तर दहा लिटर. दहा किलो. साडेचार किलोच्या सॅकचा मालक, दात घासायची दांडी कापणारा तो पंथी, तुमच्यासमोर गुडघ्यावर बसून सॅक पाठीवर घेतो आणि उभं राहायला हात मागतो. त्याला हात द्या. बर्ड स्प्रिंग पासच्या पुढे स्किनर पीककडचा मोठा चढ आहे. तिथे पोचेपर्यंत सॅक बरीच हलकी झालेली असते, आणि या वाटेवर हलक्या सॅकचा आनंद होत नाही अशी ती एकमेव जागा.

या पट्ट्यात फार बोलू नका. तोंड कोरडं पडतं.

केनेडी मेडोज

वॉकर पासनंतर आणखी काही दिवस चढ-उतार करून तुम्ही कर्न नदीच्या दक्षिण फाट्याशी येता. ही नदी खरी आहे, वाहती आहे, गुडघाभर पाण्याची आहे. तिच्या काठी बसून सगळे नवशिके एकच गोष्ट करतात: सहाच्या सहा लिटर भरतात. नदी पुढेही वाटेच्या बाजूने येणार असते, दुकान तासाभरावर असतं, तरी भरतात. त्यांना अडवू नका.

केनेडी मेडोजच्या दुकानाच्या ओट्यावर बसलेले लोक आलेल्या प्रत्येकासाठी टाळ्या वाजवतात. त्यावर भाषण करायचं नसतं. सॅक उतरवावी, कपडे धुवायच्या रांगेत नाव द्यावं, आणि हायकर बॉक्समध्ये छत्रीचे उरलेले अवयव टाकावेत. यापुढे सिएराचा उंच डोंगर सुरू होतो आणि तिथे अन्न अस्वलांपासून राखायला कडक प्लॅस्टिकचा पिंपासारखा डबा बरोबर न्यावा लागतो. रिकामा असतानाच तो किलोभर भरतो. दुकानदार झाकण कसं फिरवायचं, आत किती दिवसांचं खाणं मावतं, अस्वल तो का फोडू शकत नाही, हे नीट समजावून सांगेल. ऐकून घ्या. मग इतर सगळे विचारतात तोच प्रश्न तुम्हीही विचाराल: यात पाणी किती मावतं? साधारण साडेअकरा लिटर. पण झाकण गळतं.